किल्ल्यातल्या त्या शाळेत एक तास भरवा

प्रति,
वसई तालुक्यातील शाळांचे मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक आणि सहल घेऊन किल्ल्यात येणारे वर्गशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की शाळाशाळांत सहलीच्या चिठ्ठ्या निघतात. पालकांची सही, सोबत डबा आणि पाण्याची बाटली, गणवेश सक्तीचा. मोठे वर्ग लांब जातात आणि लहान वर्गांच्या वाट्याला वसईचा किल्ला येतो. मी ३१ वर्षं या तालुक्यात इतिहास शिकवला आणि बहुतेक वर्षी मुलांची रांग घेऊन पारनाक्यावरून किल्ल्यात आले. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो, नागेश्वराचं दर्शन, तटावर चढून खाडी बघायची, मग झाडाखाली डबे सोडायचे आणि ऊन चढायच्या आत परत. आपल्यापैकी अनेकांची सहल आजही अशीच होत असेल.

या वाटेवर एक शाळा लागते. मुलांच्या रांगा तिच्यावरून पुढे जातात, कारण ती आपल्याला शाळा म्हणून कुणी दाखवलेली नाही. कुणी तिला पडकं चर्च म्हणतं, कुणी पोर्तुगीज अवशेष, आणि किल्लाबंदरची माणसं गोन्सालो गार्सियाचं चर्च. येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या, फादरांनी बांधलेली ती वास्तू. एका अंगाला चर्च, त्याला लागूनच कॉलेज. माझी आपल्याला एकच विनंती आहे. यंदा सहल आणाल तेव्हा या वास्तूपाशी मुलांना बसवा आणि तिथं एक तास भरवा. घड्याळी ३५ मिनिटांचा, रोजच्या शाळेत भरतो तसाच. तो कशासाठी, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

येशूसंघाची स्थापना १५४० मधली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसई पोर्तुगीजांना दिली ती डिसेंबर १५३४ मध्ये. गोव्यात सेंट पॉल कॉलेज सुरू झालं १५४२ च्या आगेमागे. येशूसंघाने बाहेरच्या सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी युरोपातली पहिली मोठी शाळा काढली ती सिसिलीतल्या मेसिना शहरात, १५४८ मध्ये. आणि त्याच सुमारास, १५४८-४९ च्या दरम्यान, त्यांची माणसं वसईत येऊन कामाला लागली होती. फ्रान्सिस झेवियर स्वतः या गावात येऊन गेले होते. या तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहून बघा. युरोपातही जी गोष्ट नवी होती, ती आपल्या खाडीच्या तोंडावर जवळजवळ त्याच वेळी सुरू झाली. मला स्वतःला हे उमगलं तेव्हा माझ्या नोकरीची वीस वर्षं उलटून गेली होती. तोवर किती तुकड्या मी तिथून तशाच पुढे नेल्या, याची खंत आजही जात नाही.

आता वास्तूकडे या. चर्चची दर्शनी बाजू अजून डौलात उभी आहे. मधोमध कमानीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना उभ्या खोबणी पाडलेले दगडी खांब, वर कोरीव पट्टी. मुलांना खांबाजवळ नेऊन एका खोबणीत हाताचं बोट ठेवायला सांगा. बोट वरपर्यंत सरळ सरकतं, कुठं अडकत नाही. यंत्र नव्हतं, छिन्नी आणि हातोडी होती आणि दगड इथला काळा, कठीण. वसईच्या दगडाला तेव्हा इतकं नाव होतं की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या कोरीव कामासाठीही तो इथूनच गेला. तो खाणीतून काढणारे, गलबतात चढवणारे, घडवणारे हात कुणाचे असतील, हे मुलांना विचारा. उत्तर त्यांना लगेच देता येतं. माझ्या वर्गातला कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला होता, ‘बाई, गलबत आमचंच असणार.’

दरवाज्याच्या वर पाहिलं की आय, एच, एस ही तीन अक्षरं दिसतात, सोबत क्रूस. येशूच्या नावाची ग्रीक भाषेतली ती पहिली तीन अक्षरं. या चर्चचं नावच ‘येशूचे पवित्र नाव’ असं होतं. म्हणजे ती तीन अक्षरं हीच त्या शाळेची पाटी. सातवीतल्या मुलांना हे एकदा कळलं की ती मान वर करून पाटी वाचत राहतात, मग त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

शेजारी कॉलेजची बाजू. तिथं आता भिंती, कमानी आणि मधला चौक. भिंतींच्या सांध्यात पिंपळ रुजतात, पावसाळ्यानंतर चौकात गुडघाभर गवत असतं. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये वसईत आला होता. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा फ्रायर चांगला ओळखीचा आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यानं या शहराचं वर्णन करताना दोन कॉलेजं सांगितली आहेत, एक येशूसंघाचं आणि एक फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचं. इथलं ग्रंथालयही त्यानं नोंदवलं आहे. घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती, हेही त्याच्याच वर्णनातलं. त्या चौकात उभं राहून मुलांना हे सांगितलं की ती आपोआप वर बघतात, खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे. शिंपल्यातून आलेला उजेड कसा दिसत असेल, हे एका मुलीनं मला विचारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून पातळ शिंपले आणून वर्गाच्या खिडकीशी धरले. उजेड दुधासारखा येतो. आपणही करून बघा.

त्या काळच्या येशूसंघाच्या शाळांत वाचन, लेखन, हिशेब, लॅटिन आणि गाणं शिकवत. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांच्या संस्थापकाचा दंडक होता. धर्म शिकवणं हा तर मूळ हेतूच होता, ते लपवायचं काही कारण नाही.

आणि इथला एक विद्यार्थी.

गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. इथल्या फादरांपाशी तो वाढला आणि शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा होता तेव्हा फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस यांच्यासोबत जपानला गेला. आपल्या दहावीच्या मुलाएवढा. तिथं त्यानं जपानी भाषा अशी आत्मसात केली की लोक नवल करत. पुढं त्यानं व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि नंतर मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये फिलिपाइन्सहून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ गेलं, तेव्हा पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून कोण होतं? वसईचा हा मुलगा. जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसासमोर उभं राहून दोन्ही बाजूंचं बोलणं एकमेकांना समजावून देणारा.

चार वर्षांत वारं फिरलं. ख्रिस्ती धर्मप्रसारकांना पकडण्याचे हुकूम निघाले. त्यांच्या कानाची पाळी कापून, भर थंडीत, क्योतोच्या बाजूनं नागासाकीपर्यंत त्यांना चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांत गोन्सालो होता, आणि बारा वर्षांचा एक जपानी मुलगाही होता. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सगळ्यांना संतपद दिलं, आणि वसईचा गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. त्याच्या नावाचं महाविद्यालय आज वसईत आहे. आपलीच मुलं दहावीनंतर तिथं प्रवेशाचे अर्ज भरतात. पण ते नाव कुणाचं, आणि तो कुठं शिकला, हे अर्ज भरणाऱ्या किती मुलांना माहीत असतं? किल्ल्यात त्याच्या सणाची मिस्सा होते, तेव्हा ख्रिस्ती घरांतली मुलं आईवडिलांचं बोट धरून येतात. बाकीची मुलं येत नाहीत. गोन्सालो ही फक्त एका धर्माची गोष्ट होऊन राहते ती इथंच. भाषा शिकून, समुद्र ओलांडून दोन देशांमध्ये दुवा झालेला गावचा मुलगा ही गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक मुलाची आहे.

मला ठाऊक आहे की आपल्यापैकी काहींना हे पटणार नाही. शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलले तेव्हाही काहींना पटलं नव्हतं. ‘बाई, ते पोर्तुगीजांचं. त्यांनी आपली देवळं पाडली, माणसं बाटवली. ते का दाखवायचं?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून हा तास घेता येणार नाही. देवळं पाडली गेली, हे खरं आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचंच बघा. शैव लेण्यात चर्च केलं आणि वरती चर्च-कॉलेज बांधलं. त्याच्या भिंती आजही लेण्याच्या डोक्यावर उभ्या आहेत. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीबाहेर वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, बसलं. लोकांनी काय सोसलं, ते मुलांना सांगायलाच हवं. पण ते सांगायची जागाही हीच आहे. पडलेल्या भिंतीपाशी बसून, ज्या माणसांनी ती बांधली त्यांनी काय चांगलं केलं आणि काय वाईट, दोन्ही एका तासात बोलता येतं. मी बोलले आहे. मुलं गोंधळत नाहीत. मोठी माणसं घाबरतात तेवढंच.

आणि चिमाजी अप्पांनी काय केलं, तेही इथंच सांगा. १७३७ पासून चाललेली ती मोहीम, वज्रेश्वरीला बोललेला नवस, सुरुंगांनी पाडलेले बुरूज, हजारो माणसं गमावून मे १७३९ मध्ये मिळालेला विजय. हे आपण पुतळ्यापाशी सांगतोच. पण शरणागतीच्या अटी सांगत नाही. पोर्तुगीज सैनिकांना शस्त्रांसह मानानं बाहेर पडू दिलं, मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा राहील, काही चर्च चालू राहतील असं कबूल केलं. ज्याच्याशी इतकी वर्षं झुंज दिली, त्याच्या माणसांना विजयाच्या दिवशी अशी वागणूक. चिमाजी अप्पांचं मोठेपण मुलांना समजावून द्यायला याहून चांगला पुरावा मला तरी सापडला नाही, आणि तो समजतो या चर्चच्या दारात उभं राहिल्यावर.

घंटांचंही तसंच. वसईच्या चर्चांमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन गेले आणि त्या आपल्या देवस्थानांना लागल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक, नाशिकला पंचवटीत गोदेकाठी नारोशंकराच्या मंदिरात एक. मोठे वर्ग सहलीला भीमाशंकरला जातात, मेणवलीला जातात, तिथं घंटेखाली उभे राहतात. ती घंटा कुठून निघाली ते गाव आपलं, हे त्यांना तिथं आठवलं पाहिजे. शिपायानं टोल दिला की वर्गात पळणाऱ्या मुलांना घंटेची गोष्ट फार लवकर कळते.

वाटेत सेंट अँथनीच्या चर्चमध्ये थांबा. तिथं जमिनीत कबरींच्या शिळा आहेत, अक्षरं कोरलेली. ‘सेपुल्तुरा’ हा शब्द शोधायला सांगा. सेपुल्तुरा म्हणजे कबर. रोमन लिपी वाचता येणाऱ्या पाचवीतल्या मुलालाही तो सापडतो, आणि चारशे वर्षांपूर्वीचं अक्षर आपण वाचलं याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मात्र शिळांवर पाय देऊ देऊ नका, कुणाची तरी माणसं तिथं झोपली आहेत.

मग चौकात परत येऊन भाषेचा तास घेता येईल. पगार, चावी, बटाटा, कोबी, पाव, साबण, घमेलं, लिलाव, बिजागरी, नाताळ. मुलं रोज बोलतात ते हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. माझा सर्वांत आवडता शब्द मेस्त्री. पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्र’ म्हणजे गुरू, शिक्षक, कसबी माणूस. या चौकात जो शिकवायचा तो मेस्त्र, आणि आज आपल्या घराची भिंत बांधायला येतो तो मेस्त्री. आपल्या हजेरीपटातलं घोन्साल्विस हे आडनाव घ्या. त्याचा मूळ अर्थ गोन्सालोचा मुलगा. डाबरे, राऊत, म्हात्रे, घोन्साल्विस, शेख एका बाकावर बसतात. हा हजेरीपट असा का दिसतो, याचं उत्तर या किल्ल्यात आहे.

आता एक गोष्ट मला जड मनानं लिहायची आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी कॉलेजच्या चौकात बसले होते. एका शाळेची सहल आली. शिक्षक सावलीत मोबाइल बघत उभे होते आणि तीन-चार मुलं कमानीच्या दगडावर कंपासपेटीतल्या कर्कटकानं नावं कोरत होती. मी गेले, त्यांच्याशेजारी बसले. एकानं नावाखाली ‘६ ब’ असंही कोरलं होतं. मी रागावले नाही. ही शाळा होती, इतकंच सांगितलं. तो मुलगा क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, ‘खरंच? मग बाकं कुठं गेली?’ त्यानं कर्कटक खिशात ठेवलं. ती शाळा कुठली ते मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, कारण माझ्या तुकड्यांनी माझ्या पाठीमागं काय काय कोरलं असेल ते मला तरी कुठं माहीत आहे? हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, असा कायदा आहे. पण त्या मुलाचा हात कायद्यानं थांबला नाही. ती शाळा होती हे कळल्यावर थांबला.

म्हणून पाटी लावा, कुंपण घाला असं मागणं मी या पत्रात मांडत नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे वेगळा अर्ज केला आहे. आपल्या हातात एक तास आहे, तेवढाच मी मागते आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सहल डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत ठेवा, तोवर गवत वाळलेलं असतं आणि पायाखालचं दिसतं. सकाळी नऊच्या आत किल्ल्यात या. पडक्या भिंतींवर, जिन्यांवर मुलांना चढवू नका. एका वेळी चाळीसपेक्षा जास्त मुलं चौकात घेऊ नका, आवाज घुमतो आणि मागच्यांना ऐकू येत नाही. प्रत्येकाकडे वही-पेन्सिल हवी. एक कमान, एक खांब किंवा ती तीन अक्षरं, जे आवडेल ते काढायला सांगा. चित्र काढताना मूल जितकं बघतं तितकं फोटो काढताना बघत नाही. कर्कटक मात्र त्या दिवशी घरी ठेवायला सांगा. डब्याचे कागद आणि पिशव्या परत न्या. किल्लाबंदर किंवा पाचूबंदरची मुलं वर्गात असतील तर त्यांना पुढं करा. किल्ला त्यांच्या अंगणात आहे, आपल्याला माहीत नसलेल्या वाटा त्यांना माहीत आहेत.

आणि ज्यांना हा तास कसा घ्यावा असा प्रश्न पडेल, त्यांनी पहिल्या वेळी मला बोलवावं. मानधन, शाल, नारळ काही नको. सहलीचा दिवस आणि वेळ आधी कळवा, मी भुई दरवाज्यापाशी येऊन थांबेन. पिशवीत शिंपले असतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
वसई